शोभेची लिपी

मराठी माणसाला आपल्या लिपीचे प्रेम नाही, असे म्हणण्याची आज कोणाची छाती होणार नाही. जिकडे पाहावे तिकडे हे प्रेम ओसंडून वाहते आहे. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर ते आहे, सदऱ्याच्या छातीवर आहे, चहाच्या कपावर आहे, मोटारीच्या मागच्या काचेवर आहे. आणि हल्लीच्या तरुणांच्या दंडावर तर ते सुईने कायमचे गोंदलेले आहे. जाड-बारीक रेघांची, शेपट्या लांबवलेली, वेलांटीचा फेटा बांधलेली ही अक्षरे पाहून परक्या पाहुण्याला वाटावे की, ह्या मुलखात सुलेखनाचे सुवर्णयुग अवतरले आहे. मला मात्र ती पाहून धास्ती वाटते. कारण ही अक्षरे बहुधा कोणाच्या हातून उतरलेली नसतात, आणि ज्यांच्या घरी ती मिरवतात त्यांच्या हातून दुसरी कोणतीही मराठी अक्षरे उतरेनाशी झाली आहेत.

आधी वस्तू काय आहे ती सांगतो. पूर्वी छापखान्यात ज्याला टाइप म्हणत आणि जो शिशाचा असे, त्याला आता फाँट म्हणतात आणि तो संगणकात असतो. ह्या फाँटांत एक जात खास सजावटीची आहे. ‘हस्ताक्षरासारखा, सुबक, झोकदार, शोभेच्या कामासाठी’ अशी तिची ओळख करून देतात. आपण साध्या कळा दाबायच्या, आणि कोणी बोरू तासून, श्वास रोखून लिहावीत अशी अक्षरे पडद्यावर झरझर उमटू लागतात. ह्या करामतीचा मी वैरी नाही. तिच्यात खरे कसब ओतलेली माणसे आहेत. २०१४ साली निघालेला ‘कलम’ हा फाँट रोजच्या हस्ताक्षराचा साधेपणा राखतो. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्थानकांवर रंगाऱ्यांनी हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ घडला. ‘मोदक’ तर नावाप्रमाणे गुबगुबीत आहे आणि तरी अक्षराची ओळख सोडत नाही. ही कामे करणाऱ्यांपुढे मी नम्र आहे. माझे भांडण आपल्याशी, म्हणजे ही अक्षरे वापरणाऱ्यांशी आहे.

नुकतीच घरी आलेली कोणतीही लग्नपत्रिका काढून पाहा. वर ‘शुभविवाह’ एवढा एक शब्द लपेटीदार देवनागरीत असतो. त्याच्याखाली वधूवरांची नावे, मुहूर्त, स्थळ, जेवणाची वेळ, सगळे इंग्रजीत. घरातल्या मंडळींच्या भ्रमणध्वनीवर डोकावावे तर तिथे मराठी भाषा रोमन लिपीत लंगडताना दिसते. ‘कळ’, ‘कल’, ‘काळ’ आणि ‘काल’ ह्या चौघांनाही तिथे एकच सदरा. पोटात कळ आली की काळ आला, हे वाचणाऱ्याने मागच्यापुढच्यावरून ताडायचे! म्हणजे जिथे काम आहे तिथे रोमन, आणि जिथे मिरवायचे आहे तिथे देवनागरी, अशी ही वाटणी झाली आहे.

आपल्या भाषेत दारूचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक तोफेची आणि दुसरी शोभेची. पहिलीने किल्ले पडत. दुसरीने पोरे टाळ्या पिटतात. शोभेची दारू वाईट नव्हे, दिवाळीत तिला मान आहे. पण कोठारात नुसती शोभेचीच दारू उरली तर त्या किल्ल्याला किल्ला कोण म्हणेल? आपल्या लिपीचे आज तेच होऊ घातले आहे. ती हळूहळू शोभेची लिपी होते आहे, आणि जी लिपी केवळ शोभेला उरते ती मरायला टेकलेली असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिपीचा मूळ धर्म वाचला जाण्याचा. हे सांगायला मला कोणा पाश्चात्य पंडिताकडे जावे लागत नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास समर्थांनी लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर कसे वळवावे, काना-मात्रा कशा द्याव्या, भोवती जागा किती सोडावी, शाई-कागद-लेखणीची तयारी कशी करावी, असा सगळा संसार त्यात मांडला आहे. आणि त्यातच एक मोठा शहाणा इशारा आहे : तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगाला येत नाही, म्हणून मध्यम लिहावे. वाचणाऱ्याच्या थकलेल्या डोळ्यांची काळजी लिहिणाऱ्याने आधीच वाहायची! आजच्या पत्रिकेवरची फराटेदार अक्षरे घरच्या आजोबांपुढे धरा. ते चष्मा पुसतील, कागद उजेडाकडे नेतील, आणि शेवटी नातीला म्हणतील, ‘तूच वाच गं बाई!’ नातही अडखळेल, ती वेगळ्या कारणाने.

ह्या अडखळण्याची कारणे मोजून सांगता येतात. देवनागरीचे सौंदर्य शिरोरेखेवर टांगलेले आहे. परंतु ‘मुक्त हस्ताचा’ भास आणायचा म्हणून शोभेचे कित्येक फाँट ही रेघ मोडतात, तिरकी करतात किंवा साफ उडवतात. आता ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ ह्यांच्यातला भेद तो किती? डाव्या अंगाला शिरोरेखा तुटली की नाही, एवढ्यावर सारा कारभार. ती रेघ गेली की धनत्रयोदशीची घनत्रयोदशी होते आणि लक्ष्मीच्या जागी ढग जमतात. भाऊबीजेची माऊबीज होते, आणि ओवाळायला बसलेल्या भावाने म्यांव करावे की काय, असा प्रश्न पडतो. ‘र’ आणि ‘व’ गळ्यात गळा घालू लागले की त्यांचा ‘ख’ होतो. एका मिठाईवाल्याच्या खोक्यावर ‘रवा लाडू’ हे शब्द मी बराच वेळ ‘खा लाडू’ असे वाचत होतो. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते सोयीचेच होते म्हणा!

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. रोमन लिपीला लहानमोठी मिळून बावन्न अक्षरे काढली की काम भागते. देवनागरीला शेकडो आकार लागतात, कारण आपली व्यंजने एकमेकांच्या खांद्यावर बसतात, कुशीत शिरतात, पायाशी लोळण घेतात. हे सगळे काढायला महिनोन् महिने लागतात. मग सवंग फाँट काढणारा काय करतो? मोजकी अक्षरे नटवतो आणि बाकीची वाऱ्यावर सोडतो. ‘विठ्ठल’ लिहावा तर ‘विठ्‌ठल’ असा पाय मोडून उभा राहतो. विटेवर अठ्ठावीस युगे उभ्या असलेल्या देवाचा पाय मोडण्याचे पाप मी तरी शोभा म्हणून पदरात घेणार नाही.

त्याहून मोठा अन्याय होतो तो खास मराठी असलेल्या खुणांवर. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द घ्या. पहिले विद्या देतात, दुसरे पंगत जेवू घालतात. ह्या दोघांना वेगळे ठेवणारी खूण म्हणजे तो पापणीसारखा अर्धा र. हिंदीला त्याची गरज नाही, संस्कृतला नाही. मराठीला आहे, आणि ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘सुऱ्या’ ह्यांसारखे शब्द त्याच्यावाचून लिहिता येत नाहीत. शोभेच्या कित्येक फाँटांत हा र नसतो. तिथे रफार ठोकून देतात आणि समारंभात आचार्यांना भाजी ढवळायला लावतात. ‘ल’ आणि ‘श’ ह्यांचे तसेच. आपला ल दोन पाकळ्यांचा, आपल्या श चे वळण निराळे. संगणकाच्या हिशेबी मराठी ल आणि हिंदी ल ह्यांना क्रमांक एकच. आकार कोणता दाखवायचा ते फाँटने ठरवायचे. चांगल्या फाँटांत दोन्ही आकार असतात, पण मजकूर मराठी आहे हे संगणकाला सांगितले नाही तर हिंदी वळणच पुढे येते. राज्य शासनाने २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली मराठीची वर्णमाला आणि तिची वळणे ठरवून दिली. सरकारी कागद त्या वळणांनी निघोत न निघोत, घरोघरच्या पत्रिकांवर मात्र ती रोज पुसली जात आहेत. हिंदीशी माझे वैर मुळीच नाही. तिच्या घरी तिचा ल शोभतो. पण आपल्या आईच्या फोटोला दुसऱ्याच्या आईचे नाक चिकटवून ‘किती सुरेख दिसते’ असे कोणी म्हणत असेल, तर मला ते ऐकवत नाही.

आणखी एक दोष आहे. तो चटकन दिसत नाही, पण डोळ्यांना खुपत राहतो. बोरू वा रुंद टोकाची लेखणी तिरपी तासतात हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. देवनागरीसाठी ती ज्या अंगाने तिरपी असते त्याच्या उलट अंगाने ती रोमनसाठी धरतात. त्यामुळे तिरप्या रेघांत जिथे रोमन अक्षर जाड होते, तिथे आपले बारीक होते. जिथे ते बारीक होते, तिथे आपले भरते. ही हाताची आणि लेखणीची शतकानुशतकांची समजूत आहे. इंग्रजी लपेटीवरून बेतलेल्या देवनागरीत ही समजूत उलटी झालेली असते. अक्षरे सगळी बरोबर, पण चाल परकी. धोतर नेसून कवायत करणाऱ्या गोऱ्या शिपायासारखी ती दिसतात.

‘म्हणजे तुम्हांला यंत्रच नको’ असे कोणी म्हणेल. यंत्राचे उपकार मी विसरलेलो नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत छापील पंचांग काढले तेव्हापासून यंत्राने मराठीचे भलेच केले. १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू ह्यांनी कोरलेल्या ठशांची अक्षरे आजही डोळ्यांत भरतात. का भरतात? पोलाद कोरताना त्या हाताने बोरूला विसरायचे नाकारले म्हणून. आधी अक्षर आणि मग शोभा, हा त्यांचा क्रम होता. आपल्या काळातला दाखला द्यायचा तर र. कृ. जोशी ह्यांचा देता येईल. १९३६ ते २००८ हा त्यांचा काळ. कवी होते, अक्षरांना हवे तसे नाचवणारे सुलेखनकार होते. पण विंडोजच्या संगणकासाठी त्यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फाँट पाहा. तो साधा, सरळ, रोज नळावर पाणी भरायला जाणाऱ्या बाईसारखा कामाचा आहे. ज्याला शोभा सर्वांत अधिक कळत होती, त्याने रोजच्या लिपीची सोय पाहिली. ह्यात आपण घ्यावे असे पुष्कळ आहे.

शोभेलासुद्धा औचित्य लागते. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले. त्यांच्या मुखपृष्ठांवर चित्र आणि अक्षर एका घरची माणसे वाटत. कमल शेडगे २०२० साली गेले. वृत्तपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीसाठी ते जे नाव रेखाटत, ते त्या नाटकापुरते असे. शोकांतिकेचा काना विनोदी नाटकाला लावून चालत नसे. ह्या माणसांचे अक्षर शेजारचे अक्षर ओळखत असे, कारण ते त्या शब्दासाठीच जन्मलेले असे. आणि आज? एकाच फाँटात बारसे, त्याच फाँटात केशकर्तनालय, त्याच फाँटात ‘प्रथम पुण्यस्मरण’! एकच नथ घालून पाचव्यालाही जायचे आणि तेराव्यालाही. पत्रिकेच्या जाड कागदावर, सोनेरी वर्खावर, मखमली पेटीवर हात सैल सोडणारा यजमान अक्षर काढणाऱ्याला चार पैसे देताना मात्र विचारतो, ‘फुकटचा फाँट नाही का हो मिळत?’

प्रत्येकाला अक्षरकार परवडणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तालुक्याच्या गावच्या छोट्या छापखान्याला, बचतगटाच्या लोणच्याच्या बरणीला, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फलकाला फाँट हे वरदान आहे. पण गरिबाघरी सुबकपणा यावा म्हणणाऱ्याने गरिबाला चुकीचे अक्षर द्यावे असे कुठे ठरले आहे? स्वस्त धान्याच्या दुकानातसुद्धा तांदळात खडे चालत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. ‘समर्थांनीच सांगितले आहे की, ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच हाताने एकाच दमात लिहिल्यासारखे एकसारखे दिसावे. ते तर फाँटने साधले! मग तक्रार कसली?’ पण एकसारखेपणा दोन प्रकारांनी येतो. एक रोज हात वळवून येतो, आणि दुसरा शिक्का मारून येतो. पहिल्यात लिहिणाऱ्याचे लक्ष शेवटच्या ओळीपर्यंत जागे असते. शिक्का मारणाऱ्याला लक्ष लागतच नाही. ‘मामा’ ह्या शब्दातले दोन म माणसाच्या हातून हुबेहूब एक येत नाहीत. आता काही फाँटांत म चे दोनतीन आकार घालून ते आळीपाळीने टाकण्याची युक्ती केलेली असते. युक्ती चांगली आहे. पण माणूस शिस्तीने एकसारखे लिहू पाहतो आणि यंत्र माणसासारखे चुकू पाहते, ह्यातली गंमत समर्थांना दाखवायला हवी होती.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. ‘लिप्या बदलतातच. मोडी गेली, काय बिघडले?’ बिघडले ते ऐका. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे ढीगच्या ढीग आहेत आणि ते वाचणारी माणसे मोजकी. हे राज्याचे झाले. घराघरांत खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे ट्रंकेच्या तळाशी पडली आहेत. ज्यांच्या पणजोबांनी त्यांवर सही केली त्यांनाच ती वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो. आणि लक्षात घ्या, मोडी ही रोजची लिपी होती. बाळबोध पोथीची, देवघरातली. मोडीला छापखान्याने आणि शाळेने सोडले, तिचे रोजचे काम गेले आणि ती गेली. बाळबोध जगली, कारण ती पोथीतून उतरून पाटीवर आली, पोस्टकार्डावर आली, वाण्याच्या यादीत आली. रोजच्या कामाने तिला आयुष्य दिले. आज मोडी कुठे दिसते? सदऱ्यावर, भिंतीवरच्या चौकटीत, गळ्यातल्या लोलकावर. आपले नाव मोडीत गोंदवून घेणाऱ्या तरुणापुढे पणजोबांचे पत्र ठेवले तर तो ते उलटे धरील. शोभेची लिपी म्हणजे काय, ह्याचा ह्याहून बोलका पुरावा मला देता येणार नाही. जे मोडीचे झाले ते बाळबोधीचे होणारच नाही, अशी हमी कोण देतो?

कायदे आपल्या बाजूने आहेत, मान आपल्या बाजूने आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीहून लहान नसावीत असे ठरले. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फार चांगले झाले. पण कायदा अक्षराची उंची ठरवील. आई मुलीला डब्यासोबत चिठ्ठी कोणत्या लिपीत लिहील, हे कायद्याने ठरत नाही. ते तुमच्या-माझ्या घरात ठरते.

म्हणून वाचकहो, ह्या सणाच्या दिवसांत माझे मागणे अगदी घरगुती आहे. शुभकार्याची पत्रिका छापायला टाकाल तेव्हा छापखान्यात बसून निवडलेल्या फाँटात आधी एक वाक्य उमटवून पाहा : ‘भाऊबीजेला आचार्यांच्या आचाऱ्याने घरचे धणे, खवा, रवा, लिंबू आणि शुद्ध तूप विठ्ठलापुढे मांडले, माऊने ते लांबवले आणि कोणाला कळले नाही.’ हे वाक्य ज्या फाँटात आजोबा न अडखळता वाचतील, आणि ज्यातला ल, श, ळ नि अर्धा र आपला वाटेल, तो फाँट घ्या. बाकीचा कितीही झोकदार असला तरी परत करा. छापखानेवाला हसेल, हसू द्या. गिऱ्हाईक विचारते म्हटल्यावर दुकानदार चांगला माल ठेवू लागतो, हा बाजाराचा जुना नियम आहे.

पत्रिकेच्या पाकिटावरचे नाव मात्र स्वतःच्या हाताने लिहा. फराळाच्या डब्यावर ‘ती. मावशीस’ एवढे दोन शब्द शाईने लिहून चिकटवा. दसऱ्याला पाटीवर एक आकड्याची सरस्वती काढणारे आणि लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर ‘श्री’ रेखणारे आपण लोक. हिशेब आता संगणकात असला तरी पूजेला वही लागतेच. त्या वहीत ‘श्री’च्या खाली दोन ओळी रोज लिहायला काय हरकत आहे? दूध किती आले, पाहुणे कोण आले, एवढे लिहिले तरी पुरे. मुलांना नटवलेली अक्षरे दाखवण्याआधी साध्या अक्षराचा कित्ता द्या. अक्षर वाईट आहे, कोंबडीचे पाय उमटतात, ही सबब मला सांगू नका. कोंबडीचे पाय जिवंत कोंबडीचे असतात.

आणि असे लिहिणाऱ्या घरात मग खुशाल शोभेची अक्षरे येऊ देत. त्या घरी ती खुलून दिसतील, कारण तिथल्या माणसांना कोणता काना खरा आणि कोणता नुसता नखरा, हे ओळखता येईल. शोभेच्या दारूने आकाश घटकाभर उजळते आणि मुलांबरोबर आपणही माना वर करून पाहतो. पण अंगणातल्या पणतीत तेल घालायला कोणाला तरी खाली वाकावे लागते. तेवढे वाकण्याचे कष्ट ह्या दिवाळीत आपण घ्यावे.